जुन्या टीव्हीला परगावाहून आज्ञा : घरगुती रिमोट-यंत्रणा कशी उभारतात

टीव्हीचा एक, सेट-टॉप बॉक्सचा दुसरा आणि साउंडबारचा तिसरा, असे तीन रिमोट आज अनेक दिवाणखान्यांत टीपॉयवर पडलेले असतात. एखादी चुकीची कळ दाबली जाते, पडद्यावर ‘नो सिग्नल’ ही अक्षरे उमटतात आणि घरातील ज्येष्ठ मंडळी परगावी असलेल्या मुलाला किंवा मुलीला फोन लावतात. ‘आता कोणती कळ दाबू?’ हा संवाद मग बराच वेळ चालतो. परगावाहूनच मोबाइलवरून टीव्ही योग्य इनपुटवर आणण्याची सोय थोड्या खटाटोपाने घरच्या घरी करता येते. सार्वत्रिक रिमोटमध्ये नावाजलेल्या ‘हार्मनी’ मालिकेचे उत्पादन लॉजिटेक कंपनीने २०२१ मध्ये थांबविले. त्यानंतर अशा स्वयंनिर्मित पर्यायांचे महत्त्व वाढले आहे.

पहिला उपाय विनाखर्चाचा आहे. एचडीएमआय केबलमधील एक तार उपकरणांनी परस्परांना आज्ञा देण्यासाठीच राखलेली असते. या सुविधेला ‘सीईसी’ म्हणतात. सॅमसंगच्या टीव्हीत ती ‘एनीनेट प्लस’, सोनीच्या टीव्हीत ‘ब्राव्हिया सिंक’, तर एलजीच्या टीव्हीत ‘सिम्पलिंक’ या नावाने आढळते. ती सुरू केल्यास एकाच रिमोटवर बरेच काम भागते. मात्र घराबाहेरून नियंत्रण तिच्यामुळे साधत नाही.

त्यासाठी नेहमीच्या रिमोटचीच नक्कल करावी लागते. हा रिमोट डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकवून संदेश धाडतो. ‘एनईसी’ या प्रचलित पद्धतीत संदेश ३२ बिटांचा असतो : उपकरणाचा पत्ता आणि आज्ञा, व चूक ओळखता यावी म्हणून या दोहोंची उलटी प्रत. संदेश कोणी पाठवला, याची चौकशी टीव्ही करीत नाही. सारी शक्यता दडली आहे ती इथेच.

वायफाय असलेला ‘ईएसपी८२६६’ किंवा ‘ईएसपी३२’ बोर्ड, एक अवरक्त एलईडी, एक अवरक्त रिसीव्हर आणि एक ट्रान्झिस्टर, एवढे साहित्य पुरते. ट्रान्झिस्टर गाळण्याचा मोह टाळावा. ईएसपी८२६६च्या पिनमधून मिळणारा सुमारे १२ मिलिअँपिअर प्रवाह खोलीपलीकडे संदेश पोहोचविण्यास अपुरा ठरतो. बोर्डावर ‘टास्मोटा’ या मोफत प्रणालीची अवरक्त आवृत्ती चढवून जुना रिमोट रिसीव्हरसमोर धरला, की प्रत्येक कळीचा संकेत नोंदवून ठेवता येतो. एलईडी चालते की नाही, हे मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यास बहुधा जांभळट उजेडावरून कळते. फायर टीव्ही स्टिकसारख्या ब्लूटूथ रिमोटच्या उपकरणांना मात्र ही युक्ती लागू पडत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. अवरक्त संदेश एकतर्फी असतो. टीव्ही उत्तर देत नाही. चालू आणि बंद करण्याची कळ एकच असल्याने, आधीच चालू असलेला टीव्ही दूरवरून ‘चालू’ करायला जावे, तर तो बंद पडतो. पलीकडच्या टोकाला आई-वडील गोंधळतात ते वेगळेच. काही टीव्ही ‘फक्त चालू’ आणि ‘फक्त बंद’ असे स्वतंत्र संकेतही स्वीकारतात, जरी रिमोटवर तशा कळा नसल्या तरी. ते न जमल्यास वीजवापर मोजणारा स्मार्ट प्लग टीव्हीची अवस्था सांगतो. ‘होम असिस्टंट’ या मुक्त प्रणालीत मग ‘बातम्या’ अशी एकच कळ बसवता येते : टीव्ही बंद असेल तरच चालू करणे, काही सेकंद थांबणे, इनपुट बदलणे, वाहिनीचा क्रमांक पाठविणे. हे थांबणे आवश्यक आहे. जागा होत असलेला टीव्ही आज्ञा ऐकत नाही.

घराबाहेरून जोडणीसाठी राऊटरचे पोर्ट इंटरनेटवर खुले करणे धोक्याचे. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने कारखान्यातील मूळ पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले होते. ‘वायरगार्ड’सारखा व्हीपीएन हा सुरक्षित मार्ग होय. अनेक ब्रॉडबँड जोडण्यांत ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही. तेथे ‘टेलस्केल’सारखी सेवा उपयोगी पडते. बाजारातील तयार अवरक्त डब्या स्वस्त आणि सोप्या असल्या, तरी त्यांपैकी अनेकींच्या आज्ञा कंपनीच्या सर्व्हरमार्गे जातात. तो बंद झाला की डबी निरुपयोगी.

या साऱ्यात टीव्ही उघडावा लागत नाही आणि जुना रिमोटही पूर्वीसारखाच चालत राहतो. बोर्डाला मोबाइलचा साधा चार्जर पुरतो. फक्त एलईडीचे तोंड टीव्हीकडे असावे आणि मध्ये फुलदाणी येऊ नये.