मशीन मोकळं करा, दादा



मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळचे साडेसात वाजले असतील. दोन पोरांनी तिसऱ्याला खांद्यावर टाकून आमच्या दारात आणलं. वय वीस-एकवीस, पोलीस भरतीची तयारी करणारा. अंग घामाने निथळत होतं, श्वास लागला होता आणि पायात जीवच नाही म्हणत होता. "काही नाही ताई, उपाशी पळला म्हणून चक्कर आली," सोबतचे सांगू लागले. आम्ही त्याला सावलीत निजवलं, ओल्या फडक्याने अंग पुसलं, घोट घोट पाणी पाजलं आणि मिळेल ती गाडी करून ग्रामीण रुग्णालयात नेलं. पोरगा वाचला.

खरी हकीकत संध्याकाळी कळली. तो पळताना दोनदा थांबला होता. दोन्ही वेळा मैदानाच्या कडेला मशीनवर बसलेल्या टोळक्याने "काय बे, पोरीसारखा थांबतो!" म्हणून त्याला पुन्हा पळायला लावलं. पाण्याची बाटली मागितली, तर ती एकमेकांकडे फेकून मजा केली. आणि त्याच्या आईने घरातल्या पेटीतून एक जुनं कार्ड काढून दाखवलं. शाळेत असताना तपासणी झाली होती. पोरगा सिकलसेलचा वाहक. मैदानावर त्याने हे कोणालाच सांगितलं नव्हतं, पोरं हसतील म्हणून.

व्यायामशाळेत कसं वागावं हा काय आरोग्याच्या पानाचा विषय आहे का, असं काही वाचक म्हणतील. त्या सकाळपासून आम्हाला तरी तो वाटतो.

भामरागडसारख्या ठिकाणी जिम म्हटलं की आरसे आणि एसी डोळ्यांसमोर आणू नका. आपल्या घरातली मुलं ज्याला जिम म्हणतात ती म्हणजे मैदानाच्या कडेची चार-सहा लोखंडी यंत्रं आणि तेलाच्या डब्यात सिमेंट ओतून घरीच बनवलेले डंबेल. काही मुलं शिकायला आल्लापल्ली, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूरला जातात, तिथे महिन्याची फी भरून खऱ्या जिममध्ये जातात. दोन्हीकडच्या तक्रारी मात्र सारख्याच. गेली दोन वर्षं आम्ही महिला मंडळाच्या बैठकीत आणि भरतीच्या मुलामुलींशी बोलताना त्या ऐकत आलो आहोत.

सर्वात मोठी तक्रार, मशीन अडवून बसणं. व्यायाम दोन मिनिटं आणि मोबाईल वीस मिनिटं. पाय हलवायच्या मशीनवर दोघं समोरासमोर बसून गप्पा हाणतात आणि गुडघेदुखीवर व्यायाम करायला आलेली आजीबाई पदर खोचून बाजूला उभी राहते. तिला "मशीन मोकळं करा, दादा" म्हणायची हिंमत होत नाही. दोन-तीन दिवस उभी राहते आणि मग येणंच बंद करते. एकदा तर त्या यंत्रांवर गोधड्या वाळत घातलेल्या पाहिल्या. गोधड्या आमच्याच ओळखीच्या घरातल्या होत्या, म्हणून जास्त बोलत नाही.

दुसरी तक्रार खर्र्याची. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत खर्रा किती चालतो हे आम्ही सांगायला नको. पण व्यायाम करता करता गालात खर्रा आणि बेंचच्या पायाशी लाल पिचकाऱ्या, हे पाहून आमच्यातली नर्स गप्प बसत नाही. तंबाखूने हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात. अशा वेळी धावणं म्हणजे हृदयावर दुप्पट बोजा. सुपारीने तोंड हळूहळू आखडतं, तिखट लागेनासं होतं, मग तीन बोटं आत जात नाहीत, आणि पुढे त्याच जागी कॅन्सर होऊ शकतो. आरशासमोर दंड फुगवून बघणाऱ्या मुलांना आमचं एकच सांगणं, आधी तोंड उघडून तीन बोटं उभी आत जातात का ते बघा. नाही गेली तर लगेच दवाखान्यात दाखवा.

घामाची गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण तिची किंमत अख्खं घर मोजतं. बेंचवर उघड्या अंगाने झोपायचं, उठताना पुसायचं नाही, एकच टॉवेल चौघांनी वापरायचा, ओला बनियन तसाच पिशवीत कोंबायचा. गजकर्णाला, म्हणजे नायट्याला, याहून चांगली जागा मिळत नाही. जांघेत, काखेत, कंबरेला गोल चट्टा उठतो, कडा लाल, मध्ये साफ. मग मुलगा मेडिकलमधून न विचारता ट्यूब आणतो. त्यातल्या अनेक ट्यूबांमध्ये बुरशीच्या औषधासोबत जोरकस स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत खाज थांबते, मुलगा खूश. आठवड्याने चट्टा दुप्पट होऊन परत येतो, कातडी पातळ पडते, आणि तोवर लहान बहिणीच्या गालावरही तोच चट्टा उठलेला असतो. म्हणून स्वतःचा टॉवेल वेगळा ठेवा. बेंचवर आधी तो अंथरा, उठताना जागा पुसा. व्यायामाचे कपडे रोज धुऊन उन्हात वाळवा. चट्टा उठलाच तर आपल्या मनाने ट्यूब नको, सरकारी दवाखान्यात दाखवा, आणि चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तितके आठवडे औषध चालू ठेवा. घरात दोघांना असेल तर दोघांनीही एकाच वेळी उपचार घ्या.

वजनं जागेवर न ठेवणं ही साधी गोष्ट वाटते. अंधुक पहाटेच्या उजेडात सिमेंटच्या डब्याला ठेचकाळून एका मुलीच्या पायाचं नख निघालं आणि तिचा महिन्याचा सराव बुडाला. गंजलेल्या सळईने खरचटलं तर जखम साबणाच्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करा. आणि ज्या डब्यात सिमेंट ओतलं नाही ते रिकामे डबे मैदानात पडू देऊ नका. पावसाचं पाणी साचून त्यात डास होतात, आणि मलेरियाच्या बाबतीत आपला तालुका काय आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. अंगात ताप असताना "घाम काढला की उतरतो" म्हणून पळणाऱ्यांनाही हेच. ताप आला की पळणं बंद, आशाताईंकडे रक्त तपासणी आधी.

आता मुलींबद्दल. भरतीत मुलींना ८०० मीटर पळायचं असतं, मुलांना १६००. शंभर मीटर आणि गोळाफेक दोघांनाही. म्हणजे सराव दोघांनाही सारखाच लागतो. पण मैदान सारखं मिळत नाही. मुलगी वाकली की शिटी, पळाली की हसणं, आणि हल्ली लांबून मोबाईलवर व्हिडिओ. एका मुलीने आम्हाला सांगितलं, ती ओढणी कंबरेला बांधून, वरून भावाचा ढगळ शर्ट घालून मे महिन्यात पळते. आपल्या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या शर्टात तिला ऊन लागलं तर दोष कोणाचा? मुलगी नको म्हणत असताना पुन्हा पुन्हा मागे लागणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. १८१ आणि ११२ हे नंबर मुलींनी पाठ ठेवावेत. पण आम्हाला पोलिसांच्या आधी घरं दिसतात. शिट्या वाजवणारी पोरंही कोणाच्या तरी ओट्यावरूनच निघालेली असतात, आणि त्यातल्या काही ओट्यांवर आम्ही चहा घेतो.

न मागता सल्ला देणारे गुरू हा आणखी एक प्रकार. दोन महिने डंबेल उचललेला मुलगा इतरांना पावडर आणि इंजेक्शन सुचवतो. इंजेक्शनच्या वाटेला अजिबात जाऊ नका. पावडरीचे पैसे अंडी, हरभरा, शेंगदाणे, मासळी यांवर घाला, अंगाला लागेल आणि घरातली बाकीची मुलंही खातील. मुलींनी पळायला लागण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. धाप लागते तो आळस नसतो, बहुतेक वेळा रक्त कमी असतं.

आता थोडं आपल्याच अंगावर घेतो. गावोगावच्या तालमीत हनुमानाची मूर्ती असायची आणि आपल्या आजोबा-पणजोबांना अनेक ठिकाणी आत पाऊल टाकता येत नसे. शरीर कमवायची जागासुद्धा जातीने वाटून घेतलेली होती. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं ते यासाठीच, की सार्वजनिक जागा सर्वांची असते. १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपूरला ज्यांनी दीक्षा घेतली त्यांची नातवंडं आज त्या मैदानावर आहेत. आणि तिथे आम्ही काय पाहिलं? एक माडिया मुलगा अनवाणी आला, मशीनजवळ रांगेत उभा राहिला. आपल्या पोरांनी त्याच्या बोलण्याची नक्कल केली, "तुला कशाला मशीन, तू झाडावर चढ" म्हणाले. तो हसल्यासारखं करून निघून गेला. आम्ही तिथल्या तिथे बोललो, पोरांनी माना खाली घातल्या, पण तो मुलगा पुन्हा आलेला आम्ही पाहिला नाही.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात जंताघराचे नियम आहेत. जंताघर म्हणजे भिक्खूंची वाफेने घाम काढण्याची खोली. आजच्या जिमची चुलत बहीण म्हणा. तथागतांनी तिथल्या वागण्याचे किती बारीक नियम घालून दिले बघा. खोली घाण असेल तर आधी आलेल्याने झाडायची. थोरांच्या अंगावर रेलून बसायचं नाही, आणि नव्या भिक्खूला त्याच्या आसनावरून उठवायचंही नाही. जो शेवटी निघेल त्याने चिखल धुवायचा, बसायची पीठं उचलून ठेवायची, विस्तव विझवायचा, दार लावायचं. विहारात रविवारी वंदनेनंतर हे सांगितलं तेव्हा एक काका म्हणाले, "म्हणजे तेव्हाही पोरं अशीच होती का?" सगळे हसले. असतील बापा, नियम उगाच होत नाहीत.

सिकलसेलबद्दल नीट समजून घ्या, कारण विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात तो बराच आढळतो. आईकडून किंवा बापाकडून एकाच बाजूने दोष आला तर माणूस वाहक. दोन्हीकडून आला तर रुग्ण. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे. वाहक शेती करतात, पळतात, खेळतात. पण कडक उन्हात, पाणी न पिता, न थांबता जीव तोडून पळालं तर त्यांच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकून स्नायूंचा रक्तपुरवठा अडू शकतो, आणि क्वचित ते जिवावर बेततं. म्हणून वाहकाने हळूहळू वेग वाढवावा, मधे मधे थांबावं, पाणी प्यावं, ताप-हगवणीत पळू नये. पायातला जोर अचानक गेला, धाप कमी होईना, तर तिथेच थांबून सावलीत झोपवा आणि दवाखान्यात न्या. जाताना वाहक असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा. रुग्ण असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच हलका व्यायाम करावा. साधी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू आहे. घरात जुनं कार्ड असेल तर पेटीतून बाहेर काढा आणि मैदानावर सोबत पळणाऱ्या एकाला तरी सांगून ठेवा.

बैठकीत ठरलं ते असं. सकाळी पाच ते सहा मशीन बायामुलींसाठी. गर्दी असेल तर एका मशीनवर दहा मिनिटं. पाण्याचा माठ मंडळाचा, पेला एकच, तोंड न लावता वरून प्यायचं, आणि कोणाला पाणी नाकारायचं नाही. खर्रा थुंकेल त्याने त्या दिवशी झाडायचं. पहिल्या आठवड्यात एकानेही झाडलं नाही, आम्हीच झाडलं. तिसऱ्या आठवड्यात दोघांनी झाडू घेतला, तोही हसत हसत, एकमेकांचे फोटो काढत. चालेल.

माडिया मुलाच्या पाड्यावर आम्ही जाऊन आलो. तो कामाला गेला होता. त्याच्या आईला निरोप देऊन आलो आहोत, पुन्हा जाणार आहोत, आणि या वेळी नक्कल करणाऱ्या दोघांना सोबत नेणार आहोत.

तो वाहक पोरगा पुन्हा पळतो. पहाटे, ऊन चढायच्या आत. दर फेरीला थांबून पाणी पितो. मागच्या आठवड्यात कडेच्या मशीनवरून कोणीतरी ओरडलं, तर त्याने बाटलीचं टोपण लावलं आणि शांतपणे म्हणाला, "मशीन मोकळं कर, मागे आजी उभी आहे."