संगणक गोठणे व कोलमडणे

संगणक चालू असताना पडद्यावरील चित्र स्थिर होऊन कळफलक वा माऊस यांना प्रतिसाद न मिळणे, यास ‘गोठणे’ म्हणतात; तर काम अर्धवट राहून संगणक अचानक बंद पडणे किंवा आपोआप पुन्हा सुरू होणे, यास ‘कोलमडणे’ म्हणतात. क्वचित घडणारा असा प्रकार विशेष चिंतेचा नसतो. तो वारंवार घडू लागल्यास मात्र साठविलेली माहिती नष्ट होण्याचा धोका संभवतो. एकच लक्षण अनेक कारणांनी उद्‌भवत असल्याने, घटक बदलून पाहण्याऐवजी एकेक कारण क्रमाने वगळीत जाणे श्रेयस्कर ठरते.

कारणे : ही दोन प्रकारची असतात. आज्ञावलीतील दोषाने सुस्थितीतील यंत्रही बंद पडू शकते. विंडोज ९५ व ९८ या प्रणालींत संगणक सुरू झाल्यापासूनचा काळ मिलिसेकंदांत ३२ बिटांच्या गणकाने मोजला जाई. सु. ४९.७ दिवसांनी हा गणक भरून पुन्हा शून्यावर येई व त्यामुळे प्रणाली गोठण्याचा संभव असे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा आज्ञावलीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील सु. ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. घरगुती संगणकात उपकरणे चालविणाऱ्या चालक आज्ञावलींतील दोष हे नेहमीचे कारण असते.

यंत्रसामग्रीच्या बाबतीत उष्णता हे प्रमुख कारण होय. पंखा व उष्णताविसर्जक पट्ट्या यांवर धूळ साचली की प्रोसेसर तापतो. बहुतेक आधुनिक प्रोसेसर सु. १००° से. तापमानाच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात. तरीही तापमान वाढत राहिल्यास संरक्षणार्थ यंत्रणा बंद होते. सदोष स्मृती, निकामी होत चाललेली हार्ड डिस्क, सैल जोडण्या आणि वीजपुरवठा विभागातील फुगलेली धारित्रे ही इतर कारणे होत.

निदान : कोणतीही दुरुस्ती करण्यापूर्वी कागदपत्रे, छायाचित्रे इ. माहितीची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. कारण डिस्कच सदोष असेल, तर पुढील प्रत्येक प्रयत्नाने ती अधिक बिघडू शकते. त्यानंतर बिघाड केव्हा व कोणते काम चालू असताना होतो, त्यापूर्वी कोणती आज्ञावली वा उपकरण नव्याने जोडले होते आणि पडद्यावर कोणता दोषसंकेत उमटला, याची नोंद ठेवावी.

ही नोंद बरीच दिशा दाखविते. खेळ वा चलच्चित्रसंपादन यांसारख्या जड कामात काही मिनिटांनी संगणक बंद पडत असल्यास उष्णता किंवा वीजपुरवठा यांविषयी संशय घ्यावा. धारिका उघडताना दीर्घकाळ खोळंबा होऊन डिस्कमधून टकटक आवाज येत असल्यास डिस्क संशयास्पद ठरते. ‘सेफ मोड’मध्ये केवळ अत्यावश्यक चालक आज्ञावलीच कार्यान्वित होतात, त्या अवस्थेत संगणक स्थिर राहिल्यास दोष बहुधा इतर आज्ञावलींत असतो. स्मृतीची तपासणी मेमटेस्ट८६ यासारख्या, परिचालन प्रणालीवाचून चालणाऱ्या, आज्ञावलीने रात्रभर करता येते. दोष आढळल्यास स्मृतीच्या पट्ट्या एकेक करून पुन्हा तपासतात. एका वेळी एकच बदल करावा. अन्यथा गुण कशाने आला, हे कळत नाही. परिचालन प्रणाली नव्याने प्रस्थापित केल्यावरही बिघाड कायम राहिल्यास तो यंत्रसामग्रीत असण्याची शक्यता बळावते.

दक्षता : संगणकाची पेटी उघडण्यापूर्वी वीजजोडणी काढावी आणि अंगावरील स्थिर विद्युत् भार धातूच्या सांगाड्यास स्पर्श करून घालवावा. वीजपुरवठा विभाग मात्र घरी उघडू नये. जोडणी काढल्यानंतरही त्यातील धारित्रांत घातक विद्युत् भार शिल्लक राहू शकतो. बिघडलेला घटक बदलता येतो, परंतु निकामी डिस्कमधील माहिती परत मिळेलच असे नाही; म्हणून संगणक सुरळीत चालू असतानाही माहितीची प्रत नियमितपणे घेणे आवश्यक असते.