घनता वाढली, हाडं मात्र मोडली

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. लॉरेन्स रिग्ज यांनी १९९० साली एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रजोनिवृत्तीनंतर हाडं ठिसूळ झालेल्या २०२ स्त्रिया त्यात होत्या. सगळ्यांना कॅल्शियम दिलं गेलं. निम्म्या जणींना त्याच्या जोडीला रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड. चार वर्षांत या स्त्रियांच्या कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. इतकी वाढ पाहून कुणालाही औषध सापडल्याचा आनंद झाला असता. पण मणक्यांची फ्रॅक्चर म्हणावी तशी कमी झाली नाहीत, आणि बाकीची हाडं मोडण्याचं प्रमाण नुसतं कॅल्शियम घेणाऱ्यांच्या तिप्पट निघालं.

असं का झालं? घनतेचं यंत्र हाडात खनिज किती आहे तेवढं मोजतं. ते कसं रचलंय, हे त्याला कळत नाही. फ्लोराइड हाड बांधणाऱ्या पेशींना चेव आणतं, पण तयार होणारं हाड निकस असतं. शिवाय आतल्या जाळीदार भागात भर पडत असताना बाहेरचं टणक कवच झिजत होतं. कोपर ते मनगट या भागातल्या रेडियस हाडाच्या दांड्याची घनता ४ टक्क्यांनी उतरली होती. यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं प्यायलेल्यांच्या एक्स-रेतही हाडं दाट, पांढरीशुभ्र दिसतात; माणूस मात्र पाठ आखडून वाकलेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ साली उणे २.५ हा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांच्या तुलनेत घनता किती ते सांगणारा आकडा) ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराची सीमारेषा ठरवला. निदानासाठी तो उपयोगी आहेच. घनता घटली की धोका वाढतो, यात वाद नाही. पण या रेषेच्या अलीकडे सगळं सुरक्षित, हा समज घातक आहे. अमेरिकेतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांच्या पाहणीत, वर्षभरात फ्रॅक्चर झालेल्यांपैकी ८२ टक्के जणींचा टी-स्कोअर उणे २.५ पेक्षा चांगला होता. उतारवयात तर झिजलेल्या मणक्यांवर वाढलेल्या हाडामुळे कमरेचा आकडा खोटाच चांगला येतो.

म्हणून २००८ साली ब्रिटनमधल्या शेफील्ड विद्यापीठात जॉन केनिस यांच्या गटानं ‘फ्रॅक्स’ ही गणनपद्धत आणली. वय, वजन, आधीचं फ्रॅक्चर, आईवडिलांचा मोडलेला खुबा, धूम्रपान, स्टेरॉइड अशा गोष्टी जमेस धरून ती पुढच्या दहा वर्षांतला धोका सांगते.

आपल्याकडे सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत शिबिर भरतं, टाच यंत्रात ठेवली की चिठ्ठी हातात पडते. ही तपासणी बहुधा अल्ट्रासाउंडची असते. उणे २.५ ची रेषा आखली गेली ती डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी घनता मोजणाऱ्या तपासणीसाठी. टाचेच्या आकड्याला ती लावता येत नाही. त्या चिठ्ठीवर विसंबून औषध सुरू करू नका आणि निर्धास्तही राहू नका. पन्नाशीनंतर साध्या पडण्यानं मनगट मोडलं असेल, उंची कमी झाली असेल, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर रिपोर्ट कितीही चांगला असला तरी हे डॉक्टरांना आपणहून सांगा.