पंप कोणता? खरा निकाल पडद्यामागे

दमा किंवा सीओपीडी असेल तर पंप घ्यावा, औषध थेट फुप्फुसात जातं, पंपाची सवय लागत नाही, हे आमच्या तलवाड्यात आता पानटपरीवरही सांगतात. कोणाला कोणता पंप, याचा निकाल मात्र आमच्या दवाखान्यातल्या हिरव्या पडद्यामागे लागतो. आणि तिथं गंमत फार.

तसा पंपाचा जन्मही गमतीचाच, एका लेकीच्या हट्टातून झालेला. १९५५ साली रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांची तेरा वर्षांची दमेकरी लेक सूझी रबरी फुग्याच्या नाजूक काचयंत्राला वैतागली. केसांचा फवारा डब्यातून येतो, मग माझं औषध का नाही, असं तिनं बापाला विचारलं. वर्षभरात पंप बाजारात. शास्त्रज्ञ पगारी होते. कल्पना फुकट मिळाली.

आमच्या दवाखान्यात एका सकाळी दोन औषध कंपन्यांचे प्रतिनिधी समोरासमोर आले. एकाकडे गॅसचा पंप, दुसऱ्याकडे कॅप्सूलची मशीन. पहिल्यानं नमुना स्वतःच्या तोंडात मारून दाखवला, तर निम्मा फवारा ढगासारखा बाहेर. दुसरा गालात हसला आणि आपली मशीन ओढण्याऐवजी चक्क फुंकली. पावडर माझ्या टेबलावर. त्या दिवशी पंप बरोबर ओढला तो दारातल्या आजींनी. विडीला कधी हात लावला नाही, सीओपीडी दिला तो चुलीच्या धुरानं.

खरी मेख श्वासाची आहे. गॅसच्या पंपाला श्वास सावकाश आणि लांब हवा, पावडरीला एकदम जोरात. दोन्हीनंतर जमेल तर दहा सेकंद दम धरायचा. ज्याच्या छातीत ओढ नाही त्याला पावडर देऊन उपयोग नाही. ज्याला दाबणं आणि ओढणं एकत्र जमत नाही त्याला पंपासोबत स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, हवा. एक तात्या वीतभर अंतरावरून तोंडात फवारा मारत. स्पेसर दिला. पुढच्या खेपेला म्हणाले, "डाक्टर, नातवानं त्यात नाकतोडे कोंडलेत." केपटाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ साली लॅन्सेटमध्ये दाखवून दिलंय, की लहान मुलांच्या दम्यात अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली नीट भोक पाडून, फट बुजवून वापरली तर विकतच्या स्पेसरइतकंच काम करते. तात्यांच्या घरी रिकाम्या बाटल्यांचा तुटवडा नव्हता, कारण विचारू नका.

ऊसतोडीला निघालेल्या गड्याला मी कॅप्सूल दिल्या होत्या. कोपीतल्या ओलीनं पावडरीचा गठ्ठा होईल, ही माझी धास्ती. तो परतला तेव्हा कळलं, ओलीचा प्रश्नच आला नव्हता. मुकादमानं सांगितल्याप्रमाणे तो त्या रोज जेवणानंतर पाण्याबरोबर गिळत होता!

आणि ती बाई. त्वरिता देवीच्या दर्शनाला निघाली, वाटेत धाप लागली, पिशवीतला बिनटोपणाचा पंप तोंडाशी नेला. सुनेनं हात धरून आधी पंप झटकला, तर आतून सुपारीचं खांड पडलं. ओढलं असतं तर थेट श्वासनळीत.

तेव्हा मंडळी, टोपण लावत जा. औषधाचं नाव तेच आहे म्हणून दुकानदारानं दिलेली वेगळी मशीन परस्पर घेऊ नका. आणि पुढच्या खेपेला पंप सोबत आणून डॉक्टरांसमोर एकदा ओढून दाखवा.