दुसरी गोळी

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी डॉक्टरांपुढे बसलो होतो. नैराश्यावर एस्सिटॅलोप्रॅम सुरू करून आठ आठवडे झाले होते. मात्राही एकदा वाढवून झाली होती. "सर, हे औषध लागू पडत नाहीये," डॉक्टर म्हणाले. मला ऐकू आले ते असे : 'तुम्ही बरे होत नाही.' वीस वर्षे पोरांना कर्ता ओळखायला लावणाऱ्या मास्तराने वाक्याचा कर्ताच बदलावा!

घरी येऊन गोळ्यांची पट्टी फेकून दिली. तीन दिवसांत भोवळ, चिडचिड आणि डोक्यात विजेचे बारीक झटके. सौभाग्यवतींनी धरूनच दवाखान्यात नेले.

"औषध बदलणं म्हणजे सदरा बदलणं नव्हे," डॉक्टर म्हणाले. पण रागावले नाहीत. त्यांनी मला अमेरिकेतली एक मोठी पाहणी सांगितली. सुमारे 4000 रुग्णांना आधी सिटॅलोप्रॅम दिले. साधारण तिसरा हिस्साच पुरता सावरला. उरलेल्यांपैकी ज्यांचे औषध बदलले, त्यांना सरट्रॅलिन, बुप्रोपिऑन किंवा वेन्लाफॅक्सिन यांपैकी एक मिळाले. 2006 साली निष्कर्ष छापून आले : तिन्हींकडे चौथाईच्या आसपास लोक बरे झाले, सरस कोणतेच ठरले नाही. (या पाहणीच्या एकूण हिशेबावर 2023 साली कडक आक्षेप घेतले गेले, हेही सांगितले पाहिजे.) चौथाई म्हणजे काही मोठे आश्वासन नव्हे. पण पहिल्या गोळीने न सावरलेला मी एकटाच नव्हतो, हे कळताच छातीवरचा दगड थोडा हलला.

मग जुनी गोळी उतरवीत वेन्लाफॅक्सिन चढवायचे ठरले. काही औषधांत अशी सरमिसळ चालतच नाही. फ्लुऑक्सेटिन शरीरात इतके रेंगाळते, की त्यानंतर एमएओआय वर्गातले औषध द्यायचे तर पाच आठवडे थांबावे लागते. माझे वेळापत्रक हिने कॅलेंडरवर मांडले. रक्तदाब मोजायचा, आणि जीव नकोसा वाटू लागला तर ठरल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी यायचे, हे डॉक्टरांनी मला नव्हे, हिला दोनदा बजावले.

पहिले पंधरा दिवस मळमळीत गेले. त्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

पाचव्या आठवड्यात उत्तरपत्रिका तपासताना एका पठ्ठ्याने 'विरामचिन्हे'ऐवजी 'विश्रामचिन्हे' लिहिलेले दिसले आणि मी मोठ्याने हसलो. ही हातातल्या झाऱ्यासकट स्वयंपाकघरातून धावत आली.

"काय झालं हो?"