पाहुणे येतील, दाखवाल काय?

समजा, मॉरिशसहून आलेली तुमच्याच वयाची एक मुलगी धुळ्याच्या स्टँडवर उतरली आणि म्हणाली, 'चल, तुझा भाग दाखव.' कुठे न्याल?

प्रश्न अगदीच हवेतला नाही. परदेशात वाढलेल्या भारतीय वंशाच्या तरुणांसाठी आपलं परराष्ट्र मंत्रालय 'नो इंडिया प्रोग्रॅम' चालवतं. साधारण ४० जणांची बॅच, तीनेक आठवड्यांचा मुक्काम आणि विमानभाड्याचे ९० टक्के परत! दिल्ली-आग्रा असतंच, शिवाय एखादं राज्य. तैवाननेही परदेशी चिनी कुटुंबांतल्या मुलांसाठी १९६७ पासून अशी उन्हाळी टूर काढली. तिथे इतक्या जोड्या जमायच्या, की पोरांनी तिचं नाव 'लव्ह बोट' पाडलं. असो!

मॉरिशसला मजूर म्हणून गेलेल्यांत कोकणातले मराठी लोकही होते. आज तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. पण पणजोबांचं गाव कुठलं, हे शोधायला तिथल्या पोरांना मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधली जुनी रजिस्टरं चाळावी लागतात.

आता आपल्याकडे या. अजिंठा तुम्ही दाखवालच, जळगावपासून ६० किलोमीटरवर तर आहे. मी मात्र आधी धुळ्यातच थांबवेन. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यावरची दप्तरं गोळा करत. १९२६ च्या ३१ डिसेंबरला ते इथेच गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितं आहेत. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि समोर बसून साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे. ती 'गीता प्रवचने' आपल्याला मिळाली ती या लिहिणाऱ्या हातामुळे.

जळगावात तेच. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर सुचलेलं सोपानदेवांनी आणि नात्यातल्या एकाने कागदावर उतरवलं, म्हणून उरलं. त्या १९५१ मध्ये गेल्या, पुस्तक आलं १९५२ मध्ये. चाळीसगावजवळच्या पाटणला तर आठशे वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे: भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याला काय काय दान मिळालं, सगळं दगडात कोरलंय. नातवाने आजोबांसाठी काढलेला क्लासच म्हणा ना!

आता तुमच्या घरात बघा. आजी अहिराणीत बोलते, आई अर्धी अहिराणी अर्धी मराठी, आणि तुम्ही? 'काय करी राहिना' एवढं रीलपुरतं येतं. कॉलेजात गेलं की तेही गिळायचं, कोणी 'गावठी' म्हणेल म्हणून. मॉरिशसच्या त्या पोरीला रजिस्टर चाळावं लागतं, तुमचं रजिस्टर ओट्यावर बसून लसूण सोलतंय.

तर या मे महिन्यात एक टूर घरातच काढा. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून आजीसमोर बसा. 'तुझ्या आठवणी सांग' म्हणू नका, त्यावर ती 'काय सांगू बापा' म्हणून गप्प बसेल. नेमकं विचारा: लग्नात हळद लागताना कुठली गाणी म्हणायच्या? कानबाई बसायची तेव्हा रोट कसे व्हायचे? दुष्काळात काय खाल्लं? न कळलेला शब्द तिथल्या तिथे विचारून घ्या. फाइलला आजीचं नाव, गाव आणि तारीख द्या, आणि एक कॉपी चुलतभावाकडे ठेवा, फोन बदलतात.

पाटणला जायचं असेल तर चाळीसगावहून सकाळीच निघा, उन्हाचा तडाखा वाईट असतो.