पंधरा मार्कांचं इंग्रजी

देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं 1985-86 साली सुरू झाली. एक हरियाणात झज्जरला अन् दुसरं आपल्या अमरावतीला! सहावीत संधी हुकली तरी नववीत रिकाम्या जागांसाठी परीक्षा असते. शंभरपैकी इंग्रजीला पंधरा मार्क. "सर, मी इंग्रजी सोडूनच देतो," माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला. जागा मोजक्या, पंधरा मार्क सोडून कसं चालेल?

त्याची अडचण शब्दांची नव्हतीच. मराठीत प्रत्यय शब्दाच्या शेपटाला चिकटतो : 'गाडी बडनेऱ्याहून अकोल्याला जाते.' इंग्रजीत तोच शब्दाच्या आधी येतो : फ्रॉम बडनेरा, टू अकोला. अन् आपलं शेवटचं 'जाते' तिकडे कर्त्याच्या लगेच मागे : द ट्रेन गोज फ्रॉम बडनेरा टू अकोला. विस्कटलेले शब्द जुळवायला दिले, की आधी कर्ता शोधा, मग क्रियापद. आम्ही रोज अशी पाच वाक्यं मोडायचो अन् जोडायचो. सरावात तो तीनवरून अकरावर आला.

उताऱ्याचे प्रश्न मात्र उताऱ्याआधी वाचा.

आईबाबा, महागडं गाईड नको. आठवीच्या पुस्तकातला एक परिच्छेद रोज मोठ्यानं वाचून घ्या. इंग्रजी येत नसलं तरी जवळ बसा. त्या पोट्ट्याचे बाबा वावरातून आले, की हातपाय धुऊन ऐकायला बसत.